फील्डवर वायरी ओढण्यात वर्षं वाया जातात का? ओझरच्या ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज फील्डवरून आल्यावर चहा घेऊन सरळ लिहायलाच बसले, लांबेल जरा, पण घाईत दोन ओळी टाकून भागणारा हा प्रश्न नाहीये.

तुमची मुलगी टीवायबीएस्सीला आहे, फिजिक्स घेतलंय, आणि तिला पुढे जिओफिजिक्स, म्हणजे जमिनीखालचं वरून मोजायचं शास्त्र, करायचंय. मार्शा मॅकनट या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंचं एक भाषण तिने ऐकलं आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे. घरचे म्हणतात रानोमाळ वायरी ओढत फिरायचं काम मुलीचं नाही, त्यापेक्षा बीएड कर, आणि मोठं पदच हवं असेल तर एमबीए कर. आणि तुम्ही विचारलंय की जमिनीखालचं मोजणारी ही बाई अमेरिकेच्या विज्ञान अकादमीची अध्यक्ष झाली तरी कशी, आपल्याकडे असं होतं का, की पोरीची ती सगळी वर्षं उन्हातान्हात वाया जातील.

मी कोण ते आधी सांगते. गेली २४ वर्षं मी नाशिक जिल्ह्यात भूजलाचे जिओफिजिकल सर्व्हे करते, सिन्नर, येवला, चांदवड, नांदगाव आणि वर पेठ-सुरगाणा. विहीर कुठे घ्यायची, बोअर किती फूट न्यायचा, बंधारा बांधला तर पाणी मुरेल की नुसतं साचून उन्हाने उडून जाईल, हे मोजून सांगणं हे माझं काम. मॅकनटबाईंचं काम मी विद्यार्थी असल्यापासून वाचत आलेय त्यामुळे त्यांच्याबद्दल जे सांगतेय ते वाचलेलं, आणि बाकीचं माझ्या रोजच्या कामातलं.

मला विचाराल तर खरा प्रश्न मुलगी की मुलगा हा नाही आणि पद मिळेल का हाही नाही. तुमच्या घरात सगळे एक गोष्ट धरून चाललेत, की फील्डवरचं काम वेगळं आणि मोठ्या जागेवर बसून निर्णय घेणं वेगळं, म्हणजे एक केलं की दुसरं राहून जातं. घोळ तिथे आहे. मॅकनटबाईंचं करिअर नीट बघितलं तर जी माणसं त्यांच्यावर विश्वास ठेवायला लागली ती त्यांनी मोजलेल्या आकड्यांमुळे, आणि आकडा मोजता येतो फक्त जागेवर जाऊन.

त्यांचा प्रवास थोडक्यात सांगते, कारण तारखा लक्षात राहिल्या की अंदाज येतो किती वर्षं कशात गेली. जन्म १९५२चा, मिनियापोलिसचा. कोलोरॅडो कॉलेजातून फिजिक्समध्ये पदवी १९७३ला, म्हणजे तुमची मुलगी आज जे शिकतेय तेच. मग कॅलिफोर्नियात स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेत पीएचडी, १९७८. पुढे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत, यूएसजीएसमध्ये, तीन वर्षं भूकंपाच्या अंदाजावर काम, आणि १९८२पासून एमआयटीत प्राध्यापक, १९९७पर्यंत. या सगळ्या काळात त्या जहाजांवर होत्या. पंधरा मोठ्या सागरी मोहिमा आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मोहिमांवर त्याच मुख्य शास्त्रज्ञ. समुद्रात भूकंपलहरी पाठवायला तेव्हा स्फोटकं वापरायचे म्हणून त्यांनी अमेरिकन नौदलाच्या पाण्याखाली उतरणाऱ्या जवानांच्या तुकडीकडून पाण्याखाली स्फोटकं हाताळायचं रीतसर प्रशिक्षणसुद्धा घेतलं होतं. हे तुमच्या घरच्यांना नक्की सांगा. वायरी ओढणं तर त्यापुढे काहीच नाही.

आणि लक्षात घ्या, त्यांच्या थोड्या आधीच्या पिढीत अमेरिकेतसुद्धा बाईला संशोधन जहाजावर चढू देत नव्हते. मरी थार्प यांनी अटलांटिकच्या तळाचे नकाशे काढले, तळाच्या मधोमध दरी आहे हे त्यांनी ओळखलं, पण पहिली कित्येक वर्षं आकडे जहाजावरचे पुरुष गोळा करून आणायचे आणि बाई किनाऱ्यावर टेबलाशी. तेव्हा हे बंद दार उघडायलाही कुणीतरी लागलंच होतं.

त्यांची पीएचडी कशावर होती ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं, कारण तो विषय आपल्या देशात जन्मलाय. विषय आयसोस्टसी, म्हणजे डोंगरांचा भार खालून कसा तोलला जातो ते. आपल्याकडे इंग्रजांच्या काळात नकाशांसाठी देशभर जमिनीची मोठी मोजणी चालू होती तेव्हा कल्याणपूर आणि हिमालयाच्या जवळचं कल्याणा अशा दोन ठाण्यांमधलं अंतर दोन पद्धतींनी काढलं तर सव्वापाच सेकंदाचा फरक येत होता (हा सेकंद वेळेचा नाही, कोनाचा). गवंडी लावतो तो ओळंबा, तोच मोजणीला वापरायचे, आणि एवढा थोरला हिमालय शेजारी असल्यावर तो ओळंबा आपल्याकडे ओढणारच. १८५५मध्ये कलकत्त्याच्या प्रॅट नावाच्या पाद्र्यांनी गणित करून बघितलं तर हिमालयाच्या वस्तुमानाने फरक पंधरा सेकंदांच्या वर पडायला हवा होता. म्हणजे डोंगर दिसतो तेवढा ओढत नाहीये. का, तर डोंगराखाली हलका खडक खोलवर आहे, बर्फाचा तुकडा पाण्यात जसा बराचसा बुडून थोडा वर राहतो तसा. मॅकनटबाईंनी पुढे विचारलं की हा भार नेमका पेलतो कोण, खालची प्लेट, म्हणजे पृथ्वीचं वरचं कडक कवच, फळीसारखी वाकते का, किती वाकते, जुनी आणि थंड प्लेट जास्त ताठ असते का. गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीत येणाऱ्या बारीक फरकांवरून ती फळी किती जाड असेल ते काढता येतं.

नंतर त्यांचं बरंच काम दक्षिण प्रशांत महासागरात, फ्रेंच पॉलिनेशियाच्या ज्वालामुखी बेटांवर. तिथला समुद्रतळ त्याच्या वयाच्या मानाने शेकडो मीटर उथळ आहे, खालून काहीतरी गरम त्याला उचलून धरतंय, १९८७मध्ये कॅरन फिशर यांच्याबरोबर त्यांनी याला सुपरस्वेल म्हटलं. आता हे तुम्हाला लांबचं वाटेल पण ओझरहून वणीच्या बाजूला नजर टाका, सप्तशृंगीचा कडा, इकडे चांदवडचे डोंगर, तिकडे ब्रह्मगिरी, हे सगळे थर थर दिसणारे कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी अशाच खालून येणाऱ्या उष्णतेवर बाहेर पडलेल्या लाव्ह्याचे आहेत आणि उष्णता वर येण्याची ती जागा, हॉटस्पॉट म्हणतात तिला, आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे असं मानतात. मी सिन्नरच्या ज्या खडकात पाणी शोधते आणि त्या ज्या बेटांवर गेल्या, ही एकाच घरातली भावंडं आहेत.

पुढचं भराभर सांगते. १९९७ ते २००९ कॅलिफोर्नियात मॉन्टेरे खाडीवरच्या समुद्र संशोधन संस्थेच्या प्रमुख. २००० ते २००२ अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या अध्यक्ष. २००९मध्ये यूएसजीएसच्या संचालक, १८७९ला सुरू झालेल्या संस्थेत १३० वर्षांत पहिली बाई. २०१३ ते २०१६ सायन्स या नियतकालिकाच्या मुख्य संपादक, तिथेही पहिल्या. आणि १ जुलै २०१६ला त्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, १८६३ला लिंकनच्या काळात स्थापन झालेली ही अकादमी, तिथेही पहिल्या. हिशोब करा ताई. पीएचडी १९७८ची आणि पहिलं मोठं पद १९९७चं. मधली एकोणीस वर्षं मोजण्यात, शिकवण्यात आणि जहाजावर गेली. एमबीए कुठेच नाही.

पण पदांची यादी सांगून तुमच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. त्यासाठी २०१०च्या उन्हाळ्यात काय झालं ते सांगायला हवं, मी माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला हे सांगते.

२० एप्रिल २०१०ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट झाला, ११ कामगार गेले, आणि साधारण दीड किलोमीटर पाण्याखाली तेलाची विहीर उघडी पडली. किती तेल वाहतंय? आधी सांगितलं गेलं रोज १,००० बॅरल, मग ५,०००. मॅकनटबाईंना संचालक होऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि प्रवाह मोजायच्या शास्त्रज्ञांच्या गटाचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. त्यांच्या गटाने एकच पद्धत धरली नाही. कुणी खालच्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओवरून वर उसळणाऱ्या तेलाचा वेग काढत होतं, कुणी विमानातून पाण्यावरचा तवंग मोजत होतं, कुणी आवाजाच्या लहरी सोडून वेग मोजत होतं, कुणी खडकातल्या साठ्याचं गणित मांडत होतं. सगळे वेगवेगळे. मेच्या शेवटी आकडा आला १२ ते १९ हजार, जूनच्या मध्याला ३५ ते ६० हजार, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला शेवटचा अंदाज: सुरुवातीला रोज ६२ हजार बॅरल, बंद होताना ५३ हजार, एकूण ४९ लाख, दहा टक्के इकडे तिकडे.

बघा, दर वेळी आकडा वाढत गेला आणि दर वेळी त्यांना सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं की आधी सांगितलं ते कमी होतं. बॅरलमागे दंड ठरणार होता त्यामुळे हा आकडा कुणालाच नुसता आकडा नव्हता. पुढे २०१५मध्ये कोर्टाने दंडासाठी समुद्रात गेलेलं तेल ३१.९ लाख बॅरल धरलं, म्हणजे वाद तेव्हाही होताच. पण ५,०००वर सगळे थांबले असते तर विहीर बंद करायची सामग्रीसुद्धा त्याच मापाची आणली गेली असती.

आणि आता माझ्या सगळ्यात जवळचा भाग. १५ जुलैला, म्हणजे ८७व्या दिवशी, विहिरीवर झाकण बसवून ती बंद केली. बंद केल्यावर आतला दाब किती चढतो यावर सगळं अवलंबून होतं. ७,५०० पीएसआयच्या (हे दाबाचं माप) वर गेला तर विहिरीची नळी शाबूत आहे, ६,०००च्या खाली राहिला तर नळी कुठेतरी फुटलीय, तेल आडवं पसरून समुद्रतळ फोडून बाहेर येईल, मग झाकण परत उघडावं लागणार. आणि दाब नेमका मधे अडकला. कुणाला काही कळेना. तेव्हा यूएसजीएसमधल्याच पॉल शिए यांनी, हे तेलातले नाहीत, भूजलातले माणूस, मोबाईलवर काढून पाठवलेल्या आलेखाच्या फोटोवरून आकडे वाचले आणि रात्रभर बसून भूजलासाठी वापरतात त्या मॉडफ्लो प्रोग्रॅममध्ये ते मांडून बघितले. उत्तर निघालं की गळती नाही, जवळजवळ तीन महिने एवढं तेल वाहून गेल्यावर खालचा साठाच उतरलाय म्हणून दाब कमी भरतोय. झाकण उघडलं नाही. तेल पुन्हा वाहिलं नाही. शिए यांना पुढच्या वर्षी सरकारी कर्मचाऱ्यांचा सगळ्यात मोठा सन्मान मिळाला.

हे वाचलं तेव्हा मी निफाडला एका द्राक्षबागेत उपसा चाचणी करत होते. पंप आठ तास चालवायचा, बंद करायचा आणि मग विहिरीत पाणी परत कसं चढतं ते दर मिनिटाला, मग दर पाच मिनिटाला, टेप सोडून मोजायचं. पाणी पहिल्या पातळीला आलं नाही तर त्याला दोन कारणं असतात, साठाच लहान आहे किंवा शेजारच्या कुणाचा पंप ओढतोय. आलेखाचा उतार बघून ते ओळखायचं. तीच पद्धत, तेच गणित. समुद्रातल्या सगळ्यात मोठ्या अपघाती तेलगळतीत अडलेलं काम सुटलं ते विहिरीचं पाणी मोजणाऱ्याच्या सवयीने, आणि निर्णय घेणाऱ्या टेबलावर असं गणित वाचता येणारी बाई बसलेली होती म्हणून ते टेबलापर्यंत पोचलं असं मी मानते. नुसतं मॅनेजमेंट शिकलेल्या माणसाला दोन आलेखांतला कोणता खरा हे विचारायचं सुचलं असतं का, मला नाही वाटत.

आता हा फील्डचा भाग नेमका काय शिकवतो ते माझ्या अनुभवातून सांगते. आमची रेझिस्टिव्हिटीची पद्धत सोपी आहे. जमिनीत सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून करंट सोडायचा, आतल्या दोघींमध्ये व्होल्टेज मोजायचं. बाहेरच्या सळया लांब लांब नेल्या की करंट जास्त खोल उतरतो. काळा पाषाण करंट अडवतो, तिथे रोध शेकडो ओम-मीटर येतो, पाणी धरलेला मुरूम किंवा मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांचा, खडक असेल तर वीस ते चाळीस. ऐकायला छान वाटतं ना. पण चिकण माती किंवा दोन लाव्ह्यांच्या मधला तो लाल गेरूचा थर, तोही असाच कमी रोध दाखवतो, आणि त्यात पाणी सुटत नाही. एकाच आलेखाला दोन-तीन उत्तरं बसतात. कोणतं खरं हे यंत्र सांगत नाही.

कामाला लागून दुसरंच वर्ष होतं. नांदगावकडच्या एका शेतकऱ्याला मी छातीठोक सांगितलं, दोनशे फुटांत दोन इंच पाणी लागेल. आलेख तसाच होता. २४० फूट गेले आणि नुसता धुरळा. तो गेरूचा थर होता. त्या माणसाने कर्ज काढलं होतं. त्याने मला एक शब्द बोलला नाही, त्याच्या बायकोने चहा दिला, आणि तो चहा मला अजून आठवतो. चूक माझी होती आणि ती मोजणीतली नव्हती, मला दोन उत्तरं दिसत होती आणि मी एकच सांगितलं कारण त्यांना एकच ऐकायचं होतं. तेव्हापासून मी कधीच नुसता आकडा देत नाही. दहात सहा वेळा लागेल, चार वेळा नाही, आणि नाही लागलं तर १८० फुटांवर थांबा, पुढे जाऊ नका, असं लिहून देते. काही लोक रागावतात आणि पाणाड्याकडे जातात, तो नारळ उभा करून खात्रीने सांगतो. जाऊ देते.

पुढे एका बांधकाम व्यावसायिकाने वसाहतीसाठी रिपोर्ट मागितला. मी लिहिलं मे महिन्यात रोज अमुक ते अमुक हजार लिटर. ते म्हणाले खालचा आकडा काढा, वरचा तेवढा ठेवा. नाही काढला. पैसे आठ महिने अडकले, घरात बोलणी झाली. पण नांदगावची ती दुपार झाली नसती तर मी तो आकडा काढून दिला असता, हे मला पक्कं माहीत आहे. समोरच्यांना वेगळा आकडा हवा असताना आपला आकडा, त्याच्या अनिश्चिततेसकट, मोठ्याने सांगता येणं, हेच मॅकनटबाईंनी २०१०मध्ये संपूर्ण देशासमोर केलं. खुर्चीवर बसल्यावर हे शिकता येत नाही, शिकून मग खुर्चीवर बसावं लागतं. म्हणून तुमच्या प्रश्नातल्या वाया या शब्दावर माझा एवढा आक्षेप आहे.

बाई म्हणून फील्डवर काय, हे तुम्ही थेट विचारलं नाहीये पण घरच्यांच्या मनात तेच असणार. अडचणी खऱ्या आहेत, मी नाही म्हणणार नाही. दिवसभर बाथरूम नसतं, पाळीच्या दिवसांत पेठच्या उतारांवर चढायचं म्हणजे जीव जातो, मुक्काम पडला तर राहायची जागा आधी बघून ठेवावी लागते. मी गावात पोचले की आधी सरपंचाच्या किंवा आशाताईंच्या घरी जाते, सांगून ठेवते, मग कामाला लागते. पण दुसरी बाजूही सांगते. पाणी बायका आणतात. हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला विचारा कुठली विहीर मार्चमध्ये आटते, कुठली मेपर्यंत टिकते, कुठलं पाणी मचूळ लागतं, ती अशी माहिती देते की माझ्या अर्ध्या सळया कमी ठोकाव्या लागतात. आणि ती मला सांगते. माझ्यासोबतच्या पुरुष सहकाऱ्याला कित्येकदा ती नुसतं माहीत नाही म्हणते. सुरगाण्यात एका पाड्यावर अशाच एका आजींनी दाखवलेल्या ओलीच्या पट्ट्यावर मी सळयांची लाईन टाकली आणि तिथे घेतलेली विहीर आजही चालू आहे.

छळाची भीती असेल तर तेही बोलून टाकू. जगात सगळीकडे आहे. २०१८मध्ये मॅकनटबाईंच्याच अकादमीने विज्ञानातल्या स्त्रियांच्या लैंगिक छळावर मोठा अहवाल काढला, २०१९मध्ये सदस्यांनी मतदान करून नियम बदलला की असं वागणाऱ्या सदस्याला काढता येईल, आणि २०२१मध्ये तो नियम पहिल्यांदा वापरलासुद्धा. त्याआधी दीडशे वर्षांत कुणालाच काढता येत नव्हतं. म्हणून मुलीला प्रवेश घेतानाच विचारायला सांगा की तिथे तक्रार समिती आहे का आणि फील्ड ट्रिपला बरोबर बाई शिक्षक येतात का.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. घर. मॅकनटबाईंचे पहिले पती अकाली गेले तेव्हा तीन मुली लहान होत्या आणि तरीही त्यांनी मोहिमा सोडल्या नाहीत, पण घरी सांभाळणारं माणूस असल्याशिवाय हे कुणालाच जमत नाही. माझा मुलगा माझ्या सासूबाईंनी वाढवला, मी सहा सहा दिवस येवल्यात असायचे. त्या नसत्या तर मी आज शाळेत शिकवत असते, आणि ते वाईट नाही पण हे झालं नसतं. दुसरं पैसा. मोठ्या पदापर्यंत जायचं तर पीएचडी, मग आणखी काही वर्षं कमी पगारावर, तिशी ओलांडते. घरात कर्ज असेल, धाकटं भावंड शिकत असेल तर एमएस्सीनंतर नोकरी धरणं शहाणपणाचं असतं, त्यात कमीपणा अजिबात नाही. तिसरं नशीब, म्हणजे गुरू कसा मिळतो ते. यावर कुणाचंच काही चालत नाही.

आपल्याकडे असं होतं का विचारलंत. होतं, हळू होतं. आदिती पंत नागपूरच्या, समुद्रशास्त्रज्ञ, त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता १९८३च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या, भारतातून पहिल्या दोघी. पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, ती अर्चना भट्टाचार्य यांनी संचालक म्हणून चालवली. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संस्था ज्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेखाली येते तिच्या प्रमुखपदी २०२२मध्ये पहिल्यांदा बाई आल्या, एन. कलैसेल्वी, त्या मात्र बॅटरीतल्या. आणि काम कमी आहे असं तर मुळीच नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे जवळपास दहा हजार माणसं गेली, जिथे कुणी भूकंपाची अपेक्षाच केली नव्हती. १९६७चा कोयनेचा भूकंप झाल्यावर धरण आणि भूकंप यांचं नातं अजून अभ्यासतायत, कराडला त्यासाठी खोल बोअरची प्रयोगशाळा आहे. आणि आपल्या नाशिकमध्ये दिंडोरी रोडला मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, तिथेच भूकंपाच्या नोंदी होतात. तुम्ही ओझरच्या, किती वेळा समोरून गेला असाल.

शिक्षणाचं भराभर. मॅथ्स सोडू देऊ नका, ते सगळ्यात महत्त्वाचं. जॅमची, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीच्या प्रवेशाची, परीक्षा देऊन आयआयटी मुंबईत अप्लाइड जिओफिजिक्सची एमएस्सी आहे, धनबाद आहे, शिवाय बनारस, उस्मानिया, आंध्र विद्यापीठ. कुठे कुठल्या पेपरवर घेतात ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट बघा, फिजिक्सवाल्यांना दारं आहेत. नंतर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, त्यातून जीएसआयमध्ये, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, जिओफिजिसिस्ट होता येतं. ओएनजीसी घेते. भूजलात राहायचं असेल तर राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा, १९७२च्या दुष्काळाच्या वर्षी सुरू झालेली, किंवा माझ्यासारखं स्वतःचं काम. आणि कोडिंग शिकू दे, पायथन पुरे, आज आलेख हाताने जुळवत कुणी बसत नाही. पण मी शिकायला येणाऱ्यांना पहिले दहा आलेख हातानेच काढायला लावते, बोटांना उतार कळला की मग कॉम्प्युटर.

बीएडबद्दल एवढंच म्हणेन की तिला शिकवायची आवड असेल तर जरूर करू दे, फक्त फील्डच्या भीतीने नको.

एक करा. येत्या शनिवार-रविवारी मी चांदवडजवळ एका पाझर तलावासाठी लाईन टाकतेय, बरोबर दोन मुली आहेत, एक सिन्नरची, एक इगतपुरीची. तुमच्या लेकीला पाठवा, आणि तुम्हीही या, जमलं तर तिच्या बाबांनाही आणा. सकाळी सातला निघतो कारण अकरानंतर ऊन खूप होतं आणि सळयांच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतलं तरी जमीन लगेच सुकते, मीटरचं वाचन उड्या मारतं. टोपी, पायात बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, दोन लिटर पाणी, आणि एक वही. पहिल्या दिवशी तिला मी मीटरला हात लावू देणार नाही, ती केबल ओढेल आणि आकडे लिहून घेईल, दुसऱ्या दिवशी मीटर तिच्याकडे. संध्याकाळी ती आलेख काढेल आणि खाली काय आहे ते मला सांगेल, मग मी माझं सांगेन. यायचं ठरलं तर इथेच खाली लिहा, ओझरच्या फाट्यावर गाडी थांबवते.